पांढऱ्या बोटीबद्दल दादा काय म्हनला व्हता

या गोष्टीचा अर्धा भाग तळवड्यातलं शेंबडं पोर बी सांगंल. मीच सांगत आलोय — लग्नात, पारावर, न्हाव्यापुढं मान खाली घालून बसलो तरी. गनप्या, म्हंजी मी, बोटीच्या गोल खिडकीत कसा अडकला, डोकं भाईर, बूड आत, आन बोट खाली चाललीया! लोकं पोट धरून हासत्यात. मी बी हासतो. पन ऱ्हायलेला अर्धा भाग कुनाच्याच कानावर गेला न्हाई. हौसाच्या बी न्हाई — आन ती तर माजी बायको, माज्या घोरन्याचा बी हिशोब ठेवनारी. आज तुमी बसलाय, मी बसलोय. वाईच दम धरा. मला अजून धीर व्हईना.

आदी माजी लायकी सांगतो, म्हंजी पुढं नवल वाटनार न्हाई. शाळंत मी एकच दिस गेलो. मास्तर म्हनला, उद्या बापाला घेऊन ये. मी म्हनलो, बाप नावंवर असतो. मास्तर म्हनला, मग तू बी तिकडंच जा. गेलो. तितं बी उजेड पडला न्हाई. मी वल्हं मारलं की नाव जाग्यावर गोल फिरायची, आन आत बसलेल्या बाया देवाचं नाव घ्यायच्या.

इंद्रायनीवरची तर, म्हंजी नावंनं मानसं पल्याड न्यायचा धंदा, आमच्या घरात व्हती. तळवड्याच्या काठाला मानसं नावंत घ्यायची आन पलीकडं म्हाळुंग्याच्या अंगाला उतरवायची. दूध, भाजी, नवरी, बोकड — समदं आमच्या नावंतनं. त्याचं बलुतं मिळायचं. सुगीला दोनी गावच्या खळ्यावरनं धान्य यायचं. बाप गेला आन वल्हं दादाच्या हातात आलं. दादा म्हंजी माजा थोरला भाऊ, म्हादू. कमी बोलायचा. नावंत पाय टाकायच्या आदी तिच्या कडंला हात लावायचा, गाईच्या पाठीला लावावा तसा.

आन आमच्यात एक रीत हाय — नावंचं वाईट तिच्यापुढं बोलायचं न्हाई. ती आपल्याला वाहती, तिला ऐकू येतं म्हनत्यात. फळी कुजली, सांधा सुटला, तर लांब जायाचं, झाडाखाली, पान्याकडं पाठ करायची, आन मग हळू सांगायचं. ल्हानपनी मी एकदा नावंत हुबा राहून तिला शिव्या घातल्या व्हत्या. बापानं अशी कानाखाली दिली, की आजबी थंडीत तो कान वाजतो. हासा, हासा. पन ही रीत ध्यानात ठिवा. ह्या रितीच्या फटीतनंच मी आत शिरलो.

इंग्रज जाऊन थोडी वर्सं झाली व्हती. पिंपरीच्या माळावर जितं ससं पळायचं तितं कंपन्या उगवाय लागल्या व्हत्या. एका कंपनीच्या बांधकामावर मी भिंतीवर पानी मारायचो. भिंतीपरीस माज्या अंगावर जास्ती. तितला एक सायेब मला बगून हासायचा. मुंबैचा, समुद्राकाठी वाढलेला, चांगला मानूस — हे मुद्दाम सांगतो, कारन पुढं आमच्या घरात त्याला लई वाईट ठरवलं गेलं. त्याला आयतवारी बायकोला आन ल्हान्या पोरीला घेऊन पान्यावर हिंडायचं व्हतं. म्हनायचा, गनपत, इथं सगळीकडं धूळ आहे रे, डोळे कोरडे पडले. नवी बोट कुठली परवडायला? पन खडकीला नदीकाठी एका शेडमंदी गोऱ्यांनी टाकलेल्या जुन्या बोटी पडल्या व्हत्या. त्यातली एक बगून घ्यायची.

मी गप बसायचं का न्हाई? न्हाई. मी म्हनलो, सायेब, आमच्या घरचा धंदाच हाय, माजा दादा नाव नुसती हुंगून सांगतो. सायेब खूश. म्हनला, घेऊन ये त्याला. आन बोट घेतली, की आठवडाभर तिच्यावर रहायला, राखायला कोणीतरी लागेल — तू राहशील का?

राहशील का! हितं मला थांबलं पायजे.

तुमाला आमचं घर सांगतो. एक खोली. त्यात दादा, वहिनी, त्यांची पोरं, म्हातारी आई, आन आमी दोघं. लगीन होऊन हौसा घरात आली, पन मी तिचा आवाज धड ऐकला नव्हता. कुजबुज तेवढी. तिचा खरा आवाज कसा हाय ते मला एकदा नदीवर कळलं, ती दुसऱ्या बाईशी भांडत व्हती तवा. इतका चांगला आवाज! मी झुडपामागं बसून समदं भांडन ऐकलं. ही काय सबब म्हनून सांगत न्हाई. सबब असती, तर मी ती तवाच कुनाला तरी सांगितली असती ना?

खडकीच्या शेडात दोन बोटी बगायसारख्या व्हत्या. एक उघडी, काळी, बैलाच्या गव्हानीसारखी. बगताच झोप यावी अशी. आन दुसरी — पांढरी. तिच्यावर एक खोली व्हती, बगा. खरी खोली. ठेंगनी, मानूस वाकून जाईल अशी, आत दोन बाजूला दोन फळ्या निजायला, दाराला कडी, आन दोनी भिंतींना पितळंच्या गोल खिडक्या. मी आत जाऊन बसलो. खिडकीतनं मुळा नदी दिसली, गोल, ताटात वाढून ठेवल्यासारखी. पान्यावरचं ऊन आत छताला लागून हालत व्हतं. शेडात पाकोळ्या फडफडत व्हत्या. मला वाटलं, मी इथं कायम व्हतो, मधीच कुठं तरी घरी गेलो व्हतो काय की. आतनं कडी लावून बगितली. काढली. परत लावली. आमच्या घरच्या दाराला कडी असून काय उपेग? समदी आतच.

दादा आला. एका मानसाला नाव सांभाळायला ठेवून आला व्हता, म्हनून त्याची परतायची घाई. त्यानं रंगाकडं बगितलंच न्हाई. बोटी ठोकळ्यांवर ठेवल्या व्हत्या. तो उताना झोपून खाली सरकला, दाभन घेतलं, आन तळाच्या फळीत हितं टोच, तितं टोच. बोटाच्या पेरानं वाजवायचा, कान लावायचा. काळीच्या खालनं लवकर भाईर आला. पांढरीच्या खाली लई येळ व्हता. सायेब पांढरीवर हात ठेवून हुबा, डोळं चमकत्यात. त्याला बी खोलीच आवडली व्हती, दिसत व्हतं.

दादा उठला, पाठ झटकली, आन काय न बोलता चालाय लागला. सायबाला वाटलं राग आला. मला कळलं. मी मागं गेलो. लांब एका कडूलिंबाखाली दादा हुबा राहिला, बोटीकडं पाठ करून. हळूच म्हनला, "गनपत, पांढरीच्या पोटातलं लाकूड मेलंय. दाभन लोन्यात जावं तसं जातंया. वरनं रंग मारलाय. काळी घ्या म्हनावं. तिच्या म्होरं मला बोलता यायचं न्हाई — तू सायबाला बाजूला घे आन सांग."

आन तो रस्त्याला लागला. जाताना मागं वळून बी बगितलं न्हाई. त्याचं काम झालं व्हतं. सांगायचं काम तेवढं माजं.

शेडापर्यंत किती लांब? एक बिडी बी वढून व्हनार न्हाई. तेवढ्यात मी काय काय बगितलं. पान्यावरची खोली. हौसा फळीवर बसून मोठ्यानं बोलतीया. कायबी, आपली वांग्याची भाजी, पन मोठ्यानं. मी खरं सांगतो, माज्या डोक्यात वाईट काय नव्हतं. नव्हतं का? मला आज बी नीट सांगता येत न्हाई. दादा उगंच घाबरतो, असं मनाला म्हनलो. लाकूड पान्यात गेलं की फुगतं, भोकं मिटत्यात, असं बी म्हनलो. मला लाकडातलं काय कळत व्हतं? ज्याची नाव गोल फिरती, त्याला?

सायबानं इचारलं, "काय म्हणतो तुझा भाऊ?"

मी म्हनलो, "पांढरी घ्या म्हनतो."

झालं. एवढंच. तोंडातनं शब्द गेला आन माज्या अंगावर काटा बी आला न्हाई. सायेब हासला, मी हासलो. त्यानं माज्या खांद्यावर हात ठेवला.

ट्रकवर घालून बोट आनली, पवनेत सोडली, रहाटनीच्या अंगाला. तितं बंधाऱ्याच्या वरच्या बाजूला पानी साचून लांबवर थोपून ऱ्हायचं, हिरवं, गप. आन मग जे दिस आलं — काय सांगू तुमाला. मला ते दिस सपनातल्यासारखं दिसत्यात, कडा नसल्यागत. पाऊस संपला व्हता. सकाळी पान्यावर धुकं, आन धुक्यात आमची खोली तरंगतीया. काठ दिसायचा न्हाई. कुठलं गाव, कुठली कंपनी, काय न्हाई. हौसा खिडकीत हनुवटी ठेवून बसायची आन पान्यातल्या बगळ्याला म्हनायची, "अवं भाऊजी, इकडं बी बगा की!" मोठ्यानं. पलीकडनं तिचाच आवाज परत यायचा. आमी दोघं कितींदा नुसतं वरडून बगायचो. चुलीवर भाकरी, पान्याला हालचाल, आन मी फळीवर पडून छतावरचं ऊन बगतोय. कामावर जायला उशीर. मुकादम म्हनायचा, काय रं, जलसमाधी घेतली का?

आन रोज सकाळी, हौसा उठायच्या आदी, मी खालची फळी उचलून डब्यानं पानी उपसायचो.

हो. पहिल्या दिसापास्नं. आदी थोडं, मग जास्ती. डबा वाजू ने म्हनून त्याला फडकं गुंडाळलं व्हतं. म्हंजी बगा — मला ठावं नव्हतं असं म्हनायची बी सोय मी ठेवली न्हाई. आयतवारी सायबाची पोरगी, बेबी म्हनायचे तिला, फ्रॉक घालून टुनटुन उड्या मारत त्याच फळ्यांवर नाचायची. मी तिला हासवायला माकडासारखी तोंडं करायचो. तिच्या पायाखाली काय हाय ते मला ठावं व्हतं, आन मी माकडाची तोंडं करत व्हतो.

एका आयतवारी मी उपसलंच न्हाई. झोप लागली, दुसरं काय. सायेब बाईला आन बेबीला घेऊन आला, बोटीचं इंजन सुरू झालं, बोट मधल्या पान्यात गेली. आयतवारी हौसा तळवड्याला घरी जायची, तशी ती गेली व्हती; मी खोलीत च्या करत व्हतो. खालनं एक आवाज आला — मोठा बी न्हाई, जुन्या खाटंवर मानूस बसल्यासारखा. आन पायाला गार लागलं. फळी दबून गेली व्हती. पानी उसळून वर आलं.

आन मी काय केलं? नावाड्याचा पोरगा मी! पोरीला उचललं का? बाईंना हाक मारली का? मी जवळची खिडकी बगितली आन तिच्यात डोकं घातलं. पुढचं तुमी ऐकलंय, आख्ख्या गावानं ऐकलंय. पन खिडकीत अडकल्यावर मला काय दिसत व्हतं ते मी कदी सांगत न्हाई. मला सायेब दिसत व्हता. पोरगी खांद्यावर, बायकोचा दंड धरलेला, गळ्याइतक्या पान्यातनं काठाकडं चाललाय. पोरगी आवाज न काढता रडत व्हती. त्यांना काठाला ठेवून तो परत आला, माज्यासाठी. माजे पाय धरून मला आत वढलं आन दारातनं भाईर काढलं. कुनी मेलं न्हाई. देवाची दया म्हनत्यात. मी त्यातलं काय म्हनत न्हाई.

काठावर सायेब वल्ल्या अंगानं बसला व्हता. शिवी दिली न्हाई. चष्मा पुसायला कोरडं फडकं शोधत व्हता, मिळंना. म्हनला, "तुझ्या भावाला एवढंही कळलं नाही?"

तोंड उघडायची बी गरज पडली न्हाई मला. मी मान हालवली. न्हाई कळलं, म्हनून.

दुसऱ्या दिशी दादा आला. बोट वढून काठाला पालथी घातली व्हती. दादानं त्या फळीत हाताचं बोट घातलं, ते आत गेलं. मग तो बोटीपास्नं लांब गेला — त्या मेलेल्या बोटीपास्नं बी लांब गेला, बगा — आन मला म्हनला, "सायबाला नीट सांगितलं व्हतंस न्हवं?"

म्हनलो, "सांगितलं दादा. त्यानं ऐकलं न्हाई."

"मग मला कळलं न्हाई असं तो म्हनतोय, ते वाटंत कामावरची मानसं का सांगत्यात? जाऊन इचारू का?"

"नगं दादा. माजी नोकरी जाईल."

दादानं बोटाला लागलेला लाकडाचा भुगा धोतराला पुसला. मग म्हनला, "ऱ्हाऊंदे मग." एवढंच. माज्या नोकरीपायी त्यानं आपलं तोंड बंद केलं. कदीच उघडलं न्हाई. सायेब खोटारडा ठरला दादाच्या मनात, मी खरा. आन सायबाच्या मनात दादा अडानी ठरला. मधी मी हुबा, दोनीकडं मान हालवत.

आमच्या गावची मानसं कंपनीत व्हती. बातमी घरी पोचली. म्हादू नावाड्याला कुजकं लाकूड वळखता येत न्हाई! आदी चेष्टा, मग बाया नावंत चढताना फळीकडं बगाय लागल्या. म्हाळुंग्याचे दूधवाले लांबच्या वाटंनं जाय लागले. सुगीला खळ्यावर दादा टोपलं घेऊन गेला, तर म्हनले, औंदा ऱ्हाऊंदे म्हादू, आमी दुसरा मानूस बगितलाय. चिखलीकडचा. चांगला व्हता तो बी, त्याचा काय दोष न्हाई. दादानं आपली नाव काठावर पालथी घातली आन आमच्याच कंपनीच्या बांधकामावर विटा वाहाय लागला. मी भिंतीवर पानी मारायचो, तो त्याच भिंतीच्या विटा आनायचा. दुपारी आमी एकाच फडक्यातली भाकरी खायाचो. दादा माज्या गमतीला हासायचा. सांगू का — मला त्या दिसात गमती लई सुचायच्या.

आता शेवटचं.

लई वर्सांनी, म्हाळुंग्याला दिलेल्या दादाच्या लेकीच्या पोराचं बारसं व्हतं. आमी समदे काठावर जमलो. भावकी, बाया, पाळन्याचं सामान. वर पाऊस झालेला, पान्याला वढ व्हती. चिखलीवाल्याची नाव लागली. दादानं सवयीनं तिच्या कडंला हात लावला. मग वाकून खालनं चाचपलं. मग काय न बोलता लांब गेला, बाभळीखाली, पान्याकडं पाठ केली. म्हातारे मागं गेले, मी बी गेलो, माज्या मागनं हौसा बी. दादा हळूच म्हनला, "मागच्या अंगाची फळी गेलीया. आज वढ हाय. पोरंबाळं नगा घालू."

आमचा चुलता हासला. "म्हादू, त्या पांढरीला बी असंच चाचपलं व्हतंस का रं?"

समदे हासले. दादा हासला न्हाई. त्यानं माज्याकडं बगितलं. इतक्या वर्सांत पहिल्यांदा त्यानं काय मागितलं माज्याकडं. "गनपत, तू सांग यांस्नी. तू व्हतास तितं. मी काय म्हनलो व्हतो?"

समदी माज्याकडं बगाय लागली. पानी चाललं व्हतं. बाभळीची फुलं गळत व्हती, पिवळी, दादाच्या टोपीवर. मला वाटलं आता बोलतोय मी. जीभ हालली बी. आन मी म्हनलो, "माजं काय इचारता? मी बुडालो तर हौसा पेढं वाटंल. चला, मी पहिला बसतो!"

काय हासले लोक. हौसा बी पदर तोंडाला लावून हासली.

मी नावंत चढलो, मागच्या अंगाला जाऊन बसलो. माज्या मागनं समदे चढले. दादा चढला न्हाई. नाव सुटली, तो बाभळीखाली तसाच हुबा व्हता. मधल्या पान्यात माज्या पायाला गार लागलं. फळीच्या सांध्यातनं पानी येत व्हतं, बारीक, झऱ्यासारखं. मी पाळन्याच्या गोधडीचं गठूडं वढलं, त्याच्यावर ठेवलं, आन वर पाय दाबून बसलो. बाया गानं म्हनत व्हत्या. गोधडी भिजत गेली.

म्हाळुंग्याच्या काठाला नाव नीट लागली. चुलता उतरला, पलीकडं बाभळीकडं हात केला आन म्हनला, "बगा, झालं का काय?"

मी म्हनलो, "कायबी न्हाई."